फ्रेंचमधील वस्तुनिष्ठता आणि अलिप्तता इंग्रजीत नेताना: टप्प्याटप्प्याने कामाची रीत

फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांच्या कामात एका शब्दसमूहापाशी त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. ऑब्जेक्तिव्हिते (वस्तुनिष्ठता), अँपार्सियालिते (निःपक्षपातीपणा), नोत्रालिते (तटस्थता), देताश्माँ (अलिप्तता), देझँतेरेस्माँ (निःस्वार्थीपणा), अँदिफेराँस (उदासीनता), रक्यूल (मागे सरून पाहणे), सेरेनिते (शांतपणा), साँ-फ्र्वा (थंड डोके) या सर्व शब्दांत माणूस स्वतःला कशापासून तरी दूर ठेवत असतो आणि यांतील बहुतेकांना इंग्रजीत हुबेहूब दिसणारे भावंड आहे. ते भावंड उचलून वाक्यात बसवले की वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते, वाचणाऱ्याला खटकत नाही, पण अर्थ बदललेला असतो, आणि म्हणूनच ही चूक तपासनिसाच्या नजरेतूनही निसटते.

मराठी भाषकाच्या बाबतीत त्यात आणखी एक अडचण आहे. आपण फ्रेंच शब्द मनातल्या मनात मराठीतून समजून घेतो आणि मराठीत ‘तटस्थ’ हा एकच शब्द न्यायाधीशाला, युद्धात न उतरणाऱ्या देशाला, प्रयोगशाळेतल्या संशोधकाला आणि भांडण लांबून पाहणाऱ्या शेजाऱ्यालाही चालतो. फ्रेंच या चौघांसाठी वेगवेगळे शब्द वापरते. मराठी पर्याय मनात पक्का झाला की हा फरक तिथेच पुसला जातो आणि पुढे इंग्रजी शब्द कितीही काळजीपूर्वक निवडला तरी तो परत येत नाही.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत. बहुतेक जण थेट इंग्रजी प्रतिशब्दापासून सुरुवात करतात. येथे तो सहाव्या टप्प्यावर येतो. फ्रेंच शब्द उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत आणि त्यांत चंद्रबिंदू किंवा अनुस्वार असेल तेथे स्वर नाकातून उच्चारावा.

१. मजकूर हाती घेण्यापूर्वीची तयारी

द्विभाषिक शब्दकोश बाजूला ठेवून एक चांगला एकभाषिक फ्रेंच कोश उघडावा. ‘त्रेझोर द ला लाँग फ्राँसेझ’ हा मोठा कोश सीएनआरटीएल या फ्रेंच भाषासाधनांच्या केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यातील वापराची उदाहरणे आपल्या कामाला व्याख्येपेक्षा अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक नोंदीत विरुद्धार्थी शब्द आधी शोधावा. ऑब्जेक्तिव्हितेच्या समोर स्युब्जेक्तिव्हिते (व्यक्तिनिष्ठता) येते, अँपार्सियालितेच्या समोर पार्सियालिते (पक्षपात), नोत्रालितेच्या समोर आँगाज्माँ (बाजू घेऊन गुंतणे), देताश्माँच्या समोर आताश्माँ (ओढ) आणि देझँतेरेस्माँच्या समोर स्वार्थ किंवा धनलोभ. विरुद्ध टोक स्पष्ट झाले की शब्द नेमके काय नाकारतो ते कळते आणि निम्मे काम तेथेच होते.

त्यानंतर समांतर मजकुरांची सोय करून ठेवावी. युरोपीय संघाचे कायदे युर-लेक्सवर दोन भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात, मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाचे निकाल ह्यूडॉकवर मिळतात, तर कॅनडा सरकारचा ‘टर्मियम प्लस’ हा पारिभाषिक संग्रह आणि त्या देशाचे द्विभाषिक कायदे प्रशासकीय भाषेसाठी भरवशाचे आहेत. इंटरनेटवरून आपोआप गोळा केलेल्या वाक्यजोड्या मात्र केवळ सुगावा म्हणून वापराव्यात. अशा जोडीत मूळ कोणते आणि भाषांतर कोणते हे बहुधा कळत नाही आणि दोन्ही वाक्ये तिसऱ्याच भाषेतून आलेली असू शकतात.

शेवटी एक तक्ता आखावा. त्यात पहिल्या रकान्यात पूर्ण फ्रेंच वाक्य, दुसऱ्यात ‘कोण कशापासून दूर आहे’ याचे मराठीत एक ओळीचे उत्तर आणि तिसऱ्यात इंग्रजी पर्याय लिहावा. पहिल्या रकान्यात सुटा शब्द कधीही लिहू नये, कारण या शब्दांचा अर्थ वाक्यातच ठरतो.

तपासणी: दुसरा रकाना ‘तटस्थता’ किंवा ‘अलिप्तपणा’ अशा एकाच नामाने भरला असेल तर तो भरलेलाच नाही असे समजावे. तेथे क्रियापद असलेले वाक्य हवे.

२. आधी क्षेत्र ठरवावे

शब्द भावनेविषयी आहे की कार्यालय, न्यायालय किंवा रुग्णालयाच्या कामकाजाविषयी, हे सर्वांत आधी पाहावे. या समूहातील अर्ध्याअधिक शब्दांना एक पारिभाषिक अर्थ आहे आणि त्या अर्थाचा मनाच्या अलिप्ततेशी काहीही संबंध नसतो.

देताश्माँचेच पाहा. फ्रान्सच्या सरकारी सेवेत कर्मचारी आपल्या मूळ संवर्गातील बढतीचे आणि निवृत्तिवेतनाचे हक्क राखून दुसऱ्या पदावर जातो त्याला देताश्माँ म्हणतात. इंग्रजीत ते ‘सेकंडमेंट’. फ्रेंच प्रशासनात ‘मीझ आ दिस्पोझिसिओं’ नावाची आणखी एक व्यवस्था आहे, जिच्यात कर्मचारी मूळ संवर्गातच राहून दुसरीकडे काम करतो, आणि तिलाही इंग्रजीत ‘सेकंडमेंट’च म्हटले जाते. दोन्ही शब्द एकाच कागदावर आले तर दोघांना एकच इंग्रजी शब्द देऊन चालणार नाही. एकाचे थोडक्यात वर्णन करावे लागते. खासगी क्षेत्रात कंपनी आपल्या कामगाराला युरोपीय संघातील दुसऱ्या देशात तात्पुरते पाठवते तेव्हाही फ्रेंच शब्द देताश्माँच असतो, पण युरोपीय संघाच्या १९९६ च्या ९६/७१ या निर्देशाच्या इंग्रजी पाठात त्यासाठी ‘पोस्टिंग ऑफ वर्कर्स’ असा शब्द आहे. लष्करी मजकुरात मात्र तो खरोखरच ‘डिटॅचमेंट’ होतो. एका फ्रेंच शब्दाची ही तीन कार्यालयीन रूपे झाली आणि मनाची अलिप्तता अजून आलेलीच नाही.

वैद्यकीय मजकुरात ‘ऑब्जेक्तिव्हे’ हे क्रियापद वारंवार येते. स्कॅनने एखादी गाठ ‘ऑब्जेक्तिव्हे’ केली याचा अर्थ ती स्कॅनमध्ये दिसून आली, एवढाच. इंग्रजीत ‘शोज’ किंवा ‘रिव्हील्स’ पुरेसे आहे. ‘ऑब्जेक्टिफाइज’ लिहिले तर अहवाल हास्यास्पद होतो आणि वाचणाऱ्या डॉक्टरचा बाकीच्या भाषांतरावरचा विश्वासही उडतो. ‘ऑब्जेक्तिफ’ हे नाम ध्येयासाठीही आहे आणि कॅमेऱ्याच्या भिंगासाठीही. कायद्यातील ‘रेस्पोंसाबिलिते ऑब्जेक्तिव्ह’ म्हणजे दोष सिद्ध झाला नाही तरी अंगावर येणारी जबाबदारी, इंग्रजीत ‘स्ट्रिक्ट लायेबिलिटी’. राजकीय लेखनातील ‘आलिये ऑब्जेक्तिफ’ म्हणजे ज्याच्या कृतीने, त्याच्या मनात असो वा नसो, प्रतिपक्षाचे हित साधले जाते असा माणूस किंवा गट. तेथे ‘डी फॅक्टो अलाय’ अधिक स्पष्ट आहे, कारण ‘ऑब्जेक्टिव्ह अलाय’ वाचून राजकारणाबाहेरच्या इंग्रजी वाचकाला निःपक्षपाती मित्र असा उलटा अर्थ लागू शकतो.

देझँतेरेस्माँच्या कुटुंबातही असेच सापळे आहेत. सावकाराला ‘देझँतेरेसे’ करणे म्हणजे त्याचे देणे चुकते करणे. फ्रान्सच्या करकायद्यात संस्थेची ‘जेस्तिओं देझँतेरेसे’ असावी लागते. म्हणजे संस्था चालवणाऱ्यांनी तिच्यातून स्वतःचा आर्थिक लाभ घेऊ नये. येथे ‘नॉन-प्रॉफिट मॅनेजमेंट’ चालते, ‘अनइंटरेस्टेड’ तर मुळीच नाही.

सावधान: पार्सियाल आणि पार्सियेल या दोन शब्दांत एकाच स्वराचा फरक आहे. पहिला पक्षपाती, दुसरा अपुरा किंवा अंशतः. इंग्रजीतील ‘पार्शल’ या दोन्ही अर्थांनी वापरला जातो, त्यामुळे अहवाल ‘पार्शल’ होता असे लिहिल्यास तो अर्धवट होता की एकतर्फी, हे वाचकाला कळत नाही. पहिल्यासाठी ‘बायस्ड’ आणि दुसऱ्यासाठी ‘इनकम्प्लीट’ लिहावे.

३. कोण, कशापासून दूर आहे

क्षेत्र ठरल्यावर शब्द खरोखरच वृत्तीविषयी आहे असे दिसले, तर आता अंतर कशापासून आहे हे विचारावे. उत्तरे साधारणपणे पाच असतात: स्वतःच्या मतापासून, वादातील पक्षांपासून, स्वतःच्या लाभापासून, स्वतःच्या भावनेपासून आणि घटनेच्या ताजेपणापासून. ऑब्जेक्तिव्हिते पहिल्याकडे झुकते, अँपार्सियालिते आणि नोत्रालिते दुसऱ्याकडे, देझँतेरेस्माँ तिसऱ्याकडे, देताश्माँ आणि साँ-फ्र्वा चौथ्याकडे, रक्यूल पाचव्याकडे. हे विभाजन काटेकोर नाही, पण कामाला लागण्यासाठी पुरते.

सर्वांत जास्त गोंधळ अँपार्सियालिते आणि नोत्रालिते यांच्यात होतो आणि तो सोडवण्यासाठी रेडक्रॉस चळवळीची सात मूलतत्त्वे जवळ ठेवावीत. १९६५ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेत ती जाहीर झाली. त्यांत ही दोन तत्त्वे वेगवेगळी सांगितली आहेत. अँपार्सियालिते म्हणजे मदत करताना राष्ट्रीयत्व, वंश, धर्म, सामाजिक स्थिती किंवा राजकीय मत यांवरून भेद न करणे आणि गरजेनुसार प्राधान्य देणे. नोत्रालिते म्हणजे लढाईत भाग न घेणे आणि राजकीय, वांशिक, धार्मिक किंवा वैचारिक वादांत न पडणे. पहिले तत्त्व कृती करताना पाळायचे आहे, दुसरे कृतीपासून दूर राहून. रुग्णाला औषध देणारा अँपार्सियाल असतो. कोणाची बाजू खरी यावर जाहीर बोलणे टाळणारा नोत्र असतो. फ्रान्सच्या सरकारी नोकरांच्या आचारधर्माविषयीच्या २० एप्रिल २०१६ च्या कायद्यातही हे दोन्ही शब्द वेगळ्या अर्थांनी आले आहेत, त्यामुळे प्रशासकीय मजकुरात एकाच्या जागी दुसरा वापरणे ही शैलीची बाब राहत नाही, ती कायदेशीर चूक ठरते. इंग्रजीत येथे ‘इम्पार्शॅलिटी’ आणि ‘न्यूट्रॅलिटी’ ही भावंडेच योग्य आहेत. धोका एवढाच की पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेने भाषांतरकार त्यांची अदलाबदल करतो.

न्यायालयीन मजकुरात याच्याही पुढे जावे लागते. मानवी हक्कांच्या युरोपीय कराराच्या सहाव्या कलमात न्यायाधिकरण स्वतंत्र आणि अँपार्सियाल असावे असे म्हटले आहे आणि त्या कराराचे फ्रेंच व इंग्रजी असे दोन्ही पाठ अधिकृत आहेत. पियेरसाक विरुद्ध बेल्जियम या १९८२ च्या निकालात न्यायालयाने अँपार्सियालितेच्या दोन बाजू वेगळ्या केल्या: न्यायाधीशाच्या मनात पूर्वग्रह होता का ही ‘स्युब्जेक्तिव्ह’ बाजू, आणि त्याच्याविषयी रास्त शंका घ्यायला जागा राहणार नाही अशी पुरेशी हमी होती का ही ‘ऑब्जेक्तिव्ह’ बाजू. तेथील पीठासीन न्यायाधीश पूर्वी सरकारी अभियोक्ता कार्यालयाच्या त्याच विभागाचे प्रमुख होते ज्याच्याकडे ते प्रकरण होते, आणि एवढ्यावरून शंका रास्त ठरली. म्हणून ‘अँपार्सियालिते ऑब्जेक्तिव्ह’ चे ‘अनबायस्ड ऑब्जेक्टिव्हिटी’ किंवा तसे काही करू नये. रूढ शब्द ‘ऑब्जेक्टिव्ह इम्पार्शॅलिटी’ आहे आणि त्यात न्यायाधीशाच्या मनाची परीक्षा नसून परिस्थितीची आहे.

देझँतेरेस्माँ आणि अँपार्सियालिते यांनाही वेगळे ठेवावे. ज्याला निकालातून एक पैसाही मिळणार नाही असा माणूस कमालीचा पक्षपाती असू शकतो. देझँतेरेसे माणसाचे स्वार्थापासून अंतर असते, मतापासून असेलच असे नाही. इंग्रजीत ‘डिसइंटरेस्टेड’ हा त्याचा शास्त्रशुद्ध जोडीदार आहे, पण आज अनेक इंग्रजी वाचक त्याचा अर्थ ‘रस नसलेला’ असा घेतात. संदिग्धतेला जागा नको असेल तर ‘विथ नो पर्सनल स्टेक’ किंवा त्यागाचा भाव असेल तर ‘सेल्फलेस’ लिहावे. माझ्या मते करारात आणि तज्ज्ञ-अहवालात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द टाळावाच. रस नसणे यासाठी फ्रेंचमध्ये देझँतेरे असा वेगळा, आखूड शब्द आहे. घाईत वाचताना देझँतेरे आणि देझँतेरेस्माँ एकच वाटतात आणि उपक्रमाविषयीच्या लोकांच्या उदासीनतेचे रूपांतर त्यांच्या निःस्वार्थीपणात होऊन बसते.

समाजशास्त्राच्या मजकुरात मात्र अर्थावरून थेट शब्द काढण्यापूर्वी प्रस्थापित जोड्या पाहाव्यात. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास यांनी १९५६ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या निबंधात ‘इन्व्हॉल्व्हमेंट’ आणि ‘डिटॅचमेंट’ अशी जोडी वापरली होती. त्यांच्या पुस्तकाच्या १९९३ च्या फ्रेंच आवृत्तीत तीच जोडी ‘आँगाज्माँ’ आणि ‘दिस्ताँसियासिओं’ अशी आली. एलियासविषयीच्या फ्रेंच लेखात दिस्ताँसियासिओं दिसले तर इंग्रजीत ‘डिटॅचमेंट’च हवे. ब्रेख्तच्या नाटकांविषयीच्या लेखात त्याच फ्रेंच शब्दाचे इंग्रजी रूप ‘एलिएनेशन इफेक्ट’ होते, आणि २०२० नंतरच्या सार्वजनिक आरोग्याच्या सूचनांत ‘सोशल डिस्टन्सिंग’. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या संदर्भातील ‘नोत्रालिते आक्सिओलोजिक’ (संशोधकाने आपले मूल्यनिर्णय बाजूला ठेवणे) हा शब्द जुलियें फ्रॉइंड यांच्या १९६५ च्या फ्रेंच भाषांतरातून रुळला. इंग्रजीत १९४९ च्या भाषांतरात ‘एथिकल न्यूट्रॅलिटी’ होते आणि पुढे ‘व्हॅल्यू-फ्रीडम’ अधिक रूढ झाले. ‘अ‍ॅक्सिऑलॉजिकल न्यूट्रॅलिटी’ असे शब्दशः रूप केवळ फ्रेंच वादाविषयीच लिहायचे असेल तेव्हा ठेवावे.

तपासणी: तक्त्याचा दुसरा रकाना आता पुन्हा वाचावा. ‘तज्ज्ञाला या निकालातून काही मिळणार नाही’ अशा धाटणीचे वाक्य तेथे असेल तरच चौथ्या टप्प्यावर जावे.

४. स्तुती आहे की ठपका

अंतर तेच असते, पण लेखकाला ते आवडले आहे की नाही यावर इंग्रजी शब्द बदलतो. हे शब्दकोशात सापडत नाही. आजूबाजूची वाक्ये वाचून ठरवावे लागते.

कादंबरीत ‘दं तों देताशे’ असे आले की बहुतेकांचा हात ‘इन अ डिटॅच्ड टोन’कडे जातो. एक वाक्य जवळून पाहू: ‘एल आ दमाँदे, दं तों देताशे, सी ला लेत्र एते-तारिव्हे’. पत्र आले का, असे तिने विचारले, पण आपल्याला त्याचे फारसे काही नाही असे भासवत. फ्रेंच वाचकाला येथे नेमके उलटे कळते की तिचा सगळा जीव त्या पत्रात अडकला आहे. ‘डिटॅच्ड’ लिहिले की ती खरोखरच निर्विकार ठरते आणि प्रसंगातला ताण नाहीसा होतो. ‘कॅज्युअली’ चालेल, ‘अ‍ॅज इफ इट हार्डली मॅटर्ड’ अधिक चांगले, कारण त्यात भासवणे शिल्लक राहते.

देझँव्होल्त्यूर हा शब्द वरवर मोकळेपणाचा आणि सहजतेचा वाटतो. एखाद्या नटाच्या किंवा चित्राच्या संदर्भात तो कौतुकाचाही असू शकतो, पण पत्रव्यवहारात, तक्रारीत किंवा निकालपत्रात तो जवळजवळ नेहमी बेपर्वाईचा ठपका असतो आणि तेथे ‘ऑफहँड’ किंवा ‘कॅव्हॅलियर’ हवे. फ्लेग्म हा इंग्रजांच्या संदर्भात कौतुकाने वापरला जाणारा शब्द आहे. इंग्रजीतील ‘फ्लेम’ आज मुख्यतः कफासाठी वापरतात, म्हणून ‘कम्पोझर’ लिहावे. साँ-फ्र्वा संकटात टिकवला तर तो धीर आहे आणि ‘कीप वन्स कूल’ किंवा ‘स्टे काम’ने भागते, पण ‘द साँ-फ्र्वा’ कोणाला मारले असे आले तर ती थंड डोक्याने केलेली हत्या आहे, ‘इन कोल्ड ब्लड’. एका अव्ययाने गुणाचा गुन्हा होतो, म्हणून अव्यय आधी वाचावे.

अँदिफेराँस साधारणपणे ठपका असतो. तत्त्वज्ञानात आणि ख्रिस्ती अध्यात्मात मात्र तसे नाही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेत ‘अँदिफेराँस’ म्हणजे आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य यांपैकी कशालाही आधीपासून चिकटून न राहण्याची मोकळीक. इंग्रजीत तेथे ‘इनडिफरन्स’ हाच पारिभाषिक शब्द आहे, पण सामान्य वाचकासाठीच्या मजकुरात पहिल्या वापरापाशीच त्याचा खुलासा वाक्यात गुंफावा, नाहीतर साधनेचा विषय बेफिकिरीचा होऊन बसतो.

५. ठरलेले शब्दप्रयोग सुटे करू नयेत

रक्यूल हा या समूहातला सर्वांत कष्टाचा शब्द आहे, कारण तो बहुतेक वेळा एकटा येत नाही आणि त्याला इंग्रजीत एकच एक जोडीदार नाही. ‘अव्हेक ल रक्यूल’ म्हणजे काळ लोटल्यावर मागे वळून पाहता, ‘विथ हाइंडसाइट’ किंवा ‘लुकिंग बॅक’. ‘प्राँद्र द्यू रक्यूल’ म्हणजे गुंत्यातून जरा बाजूला होऊन पाहणे, ‘स्टेप बॅक’. नव्या औषधाविषयी ‘ओं माँक द रक्यूल’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ते स्वतःच्या वृत्तीविषयी बोलत नसतात. औषध वापरात येऊन पुरेसा काळ झालेला नाही, इतकेच सांगतात. इंग्रजीत ‘वुई डू नॉट येट हॅव लाँग-टर्म डेटा’ किंवा साध्या बोलण्यात ‘इट इज टू अर्ली टू टेल’. येथे ‘वुई लॅक पर्स्पेक्टिव्ह’ लिहिले की डॉक्टरने स्वतःच्या संकुचितपणाची कबुली दिल्यासारखे होते.

शस्त्रक्रियेविषयीच्या लेखात ‘अं रक्यूल द सँक आँ’ म्हणजे रुग्णांवर पाच वर्षे ठेवलेले लक्ष, ‘फाइव्ह इयर्स ऑफ फॉलो-अप’. अर्थविषयक बातमीत ‘अं रक्यूल द सँक प्वँ’ म्हणजे पाच अंकांची घसरण. बंदुकीविषयी असेल तर तो धक्का. तीनही ठिकाणी नाम तेच, पुढचे एकक वेगळे. म्हणून रक्यूलपुढे आकडा आला की एकक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सेरेनिते हाही असाच फसवा शब्द आहे. इंग्रजीतील ‘सेरेनिटी’ डोंगरातल्या तळ्याला शोभते, चौकशी समितीला नाही. फ्रेंच वृत्तपत्रांत न्यायसंस्थेने ‘आँ तूत सेरेनिते’ काम करावे असे म्हटले जाते तेव्हा बाहेरचा दबाव आणि गदारोळ नसावा असा आशय असतो. ‘विदाउट आउटसाइड प्रेशर’ बरोबर. ‘सेरेनिते दे देबा’ न्यायालयाच्या संदर्भात आले तर देबा म्हणजे सुनावणी, आणि इंग्रजीत ‘द ऑर्डर्ली कंडक्ट ऑफ द प्रोसीडिंग्ज’. वाद ‘देपासियोने’ करणे म्हणजे त्यातली आग कमी करणे, ‘टेक द हीट आउट ऑफ द डिबेट’. ‘आ फ्र्वा’ विश्लेषण करणे म्हणजे डोके शांत झाल्यावर करणे.

‘पार्ती प्री’ या प्रयोगाकडेही नीट पाहावे. ‘साँ पार्ती प्री’ म्हणजे पूर्वग्रह न ठेवता. पण वास्तुरचना किंवा चित्रपटावरील लेखात पार्ती प्री म्हणजे रचनाकाराने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय, आणि तेथे ‘बायस’ लिहिणे हा त्या कलावंतावर अन्याय आहे. ‘डेलिबरेट चॉइस’ लिहावे. सरकारी नोकरांचे ‘देव्ह्वार द रेझेर्व्ह’ हेही असेच ठरलेले पद आहे: जाहीर मतप्रदर्शनात संयम बाळगण्याचे कर्तव्य. ‘ड्यूटी ऑफ रिझर्व्ह’ वाचून इंग्रजी वाचकाला राखीव सैन्य आठवेल. ‘ड्यूटी ऑफ डिस्क्रिशन’ समजते.

६. आता इंग्रजी वाक्याची घडण

या टप्प्यावर येईपर्यंत अर्थ पक्का झालेला असतो, पण आणखी एक जुनी सवय आडवी येते: फ्रेंचमध्ये नाम आहे म्हणून इंग्रजीतही नामच ठेवणे. फ्रेंच औपचारिक गद्य भाववाचक नामांवर उभे असते. ‘फेर प्रव्ह दॉब्जेक्तिव्हिते’ याचे ‘शो प्रूफ ऑफ ऑब्जेक्टिव्हिटी’ करू नये; ‘बी ऑब्जेक्टिव्ह’ एवढेच पुरते. एखाद्या गोष्टीकडे ‘अं रगार देताशे’ टाकणे म्हणजे ‘लुक अ‍ॅट इट डिस्पॅशनेटली’. क्रियाविशेषणाने वाक्य आखूडही होते आणि नजर कोणाची हेही कर्त्यातूनच कळते. बोलीभाषेत वाक्याच्या सुरुवातीला येणारे ‘ऑब्जेक्तिव्हमाँ’ हे तर केवळ ‘प्रामाणिकपणे सांगायचे तर’ अशा अर्थाचे असते, तेव्हा ‘ऑनेस्टली’ किंवा ‘लेट्स फेस इट’ लिहावे.

कर्ता आणि अनुभव घेणारा यांची अदलाबदल हा येथील दुसरा धोका. ‘इल न मे पाझँदिफेराँ’ या वाक्यात व्याकरणाचा कर्ता ‘तो’ आहे, पण वाटते ते मला. इंग्रजीत ‘ही इज नॉट इनडिफरंट टू मी’ लिहिले की भावना त्याची होते आणि प्रेमकथेची दिशाच बदलते. बरोबर वाक्य ‘आय अ‍ॅम नॉट इनडिफरंट टू हिम’, आणि सूर हलका असेल तर ‘आय अ‍ॅम रादर फाँड ऑफ हिम’. येथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘मला त्याचे काही वाटत नाही’ या वाक्यातही अनुभव घेणारा चतुर्थीत असतो, फ्रेंचसारखाच. म्हणून असे वाक्य आधी मराठीत ‘मला… वाटते’ या साच्यात मांडावे आणि मग त्या ‘मला’चा इंग्रजीत ‘आय’ करावा. या लेखात वाक्याची रचना मराठीवरून नेण्याचा सल्ला देण्याजोगी ही एकमेव जागा आहे.

७. एक वाक्य शेवटपर्यंत

सरावासाठी मुद्दाम रचलेले हे वाक्य घ्यावे: ‘अव्हेक ल रक्यूल, ल कोमिते एस्तीम क लाँकेत आ माँके द सेरेनिते, लेक्स्पेर, पूर्ताँ देझँतेरेसे, आ फे प्रव्ह द्यून सेर्तेन देझँव्होल्त्यूर’.

क्षेत्र चौकशी समितीचे आहे. अंतरे तीन आहेत: समितीचे घटनेच्या ताजेपणापासून, चौकशीचे गदारोळापासून (ते राखले गेले नाही) आणि तज्ज्ञाचे स्वतःच्या लाभापासून. देझँव्होल्त्यूर हे चौथे अंतर, पण ते कर्तव्यापासूनचे असल्याने ठपका. ‘पूर्ताँ’ हा शब्द सोडू नये; तज्ज्ञाचा हेतू शुद्ध असूनही वागणूक बेफिकीर होती, हा विरोध त्याच्यावरच टेकलेला आहे. ‘सेर्तेन’ ठपका सौम्य करतो. इंग्रजीत ‘सर्टन’ न लिहिता ‘समव्हॉट’ने तो सौम्यपणा आणावा.

शब्दशः केलेले भाषांतर असे निघते: ‘विथ द डिस्टन्स, द कमिटी एस्टिमेट्स दॅट द इन्क्वायरी लॅक्ड सेरेनिटी; द एक्स्पर्ट, हाउएव्हर डिसइंटरेस्टेड, शोड अ सर्टन कॅज्युअलनेस’. यातून तज्ज्ञाला कामात रस नव्हता आणि तो जरा मोकळाढाकळा होता, असे चित्र उभे राहते. टप्पे पाळून केलेले वाक्य असे: ‘लुकिंग बॅक, द कमिटी टेक्स द व्ह्यू दॅट द इन्क्वायरी वॉज नॉट कंडक्टेड इन अ सफिशियंटली काम क्लायमेट; द एक्स्पर्ट, ऑल्दो ही हॅड नो पर्सनल स्टेक इन द मॅटर, वॉज समव्हॉट कॅव्हॅलियर इन हिज अप्रोच’. ‘एस्तीम’चे ‘टेक्स द व्ह्यू’ झाले आहे याकडेही लक्ष द्यावे. समिती येथे अंदाज बांधत नाही, मत नोंदवते. तज्ज्ञ पुरुष आहे की स्त्री हे या एका वाक्यावरून ठरत नाही, ‘लेक्स्पेर’ हे पुल्लिंगी रूप औपचारिक लेखनात स्त्री तज्ज्ञासाठीही वापरलेले आढळते; म्हणून ‘ही’ लिहिण्यापूर्वी अहवालात आधी आलेला उल्लेख पाहावा.

८. हातावेगळे करण्यापूर्वी

सर्व मजकूर पूर्ण झाल्यावर केवळ या समूहातील शब्दांसाठी एक स्वतंत्र वाचन करावे, आणि तेही फ्रेंच मूळ झाकून. इंग्रजी वाक्य वाचून ‘कोण कशापासून दूर आहे’ याचे मराठीत एक ओळीचे उत्तर नव्याने लिहावे आणि मग ते तक्त्यातील दुसऱ्या रकान्याशी ताडून पाहावे. दोन उत्तरे जुळली नाहीत तर शब्द बदलण्याआधी दुसऱ्या टप्प्यावर परत जावे, कारण दोष बहुधा क्षेत्र चुकीचे धरल्याचा असतो.

त्यानंतर ‘ऑब्जेक्टिव्ह’, ‘डिटॅच्ड’, ‘डिसइंटरेस्टेड’, ‘पार्शल’, ‘सेरेन’ आणि ‘इनडिफरंट’ हे सहा इंग्रजी शब्द संगणकावर शोधून प्रत्येक ठिकाण पुन्हा पाहावे. जेथे ते राहतील तेथे ते का राहिले याचे कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे. एकाच करारात किंवा अहवालात पारिभाषिक शब्द पहिल्या पानावर एक आणि दहाव्या पानावर दुसरा झालेला नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे, आणि ज्या जागी मूळच संदिग्ध आहे तेथे स्वतः निर्णय न घेता ग्राहकाला पूर्ण वाक्यासह प्रश्न पाठवावा.